चपलेतला माग

भोईर सरांच्या गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी असायची आणि ती वाजलेली मी एकदाही ऐकली नाही. खेळाचे मास्तर आणि शिट्टी वाजवत नाहीत! भिवंडीच्या त्या शाळेत मी गणित शिकवायला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "बिघडलीय का हो सर?" तर म्हणाले, "न्हाय बाई, चांगली हाय. पन वाजली का पोरं दचकतात. दचकवायला बाकीचा स्टाफ हाय ना."

टोमणा मला होता की सगळ्यांना, कोण जाणे, पण झोंबला. मी तेव्हा तिशीची, कल्याणहून रोज एस.टी.त धक्के खात येणारी आणि कडक बाई म्हणून नाव मिळवायच्या मागे लागलेली. वाटेत कोन गाव लागायचं. तिथून सर सायकलवर निघायचे. माझी गाडी त्यांना मागे टाकायची, मग ट्रकांच्या रांगेत अडकायची, आणि मी शाळेच्या फाटकाशी उतरून पदर सावरते तोवर हे आत झाडाखाली उभे. कॅनव्हासचे बूट, त्यांना पॉलिश म्हणून खडूची पूड. उजवा गुडघा दुखरा. खिशात चण्याची पुडी. खेळाचे मास्तर म्हणून सांगितलं तर कुणाला पटलं नसतं.

आमच्या शाळेची मागची भिंत आणि हाजीशेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडची भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच गल्ली होती. सकाळी शाळा भरायच्या आधीपासून खटक-पटक, खटक-पटक सुरू. आज माझा आवाज फाटलाय तो त्या वर्गांत. पहिले सहा महिने डोकं ठणकायचं. नंतर दिवाळीच्या सुट्टीत कल्याणच्या घरी मला दुपारची झोप लागेना, तेव्हा आईनं विचारलं, "काय गं, बरं नाही का?" मी म्हटलं, "फार शांत आहे इथं." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. मी कितीतरी गोष्टी हसण्यावारी नेल्या.

मुलांना टेन्शन येतं, असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. मुलं म्हणायची, पोटात दुखतंय. चाचणी असली की दुखायचं, तोंडी परीक्षा असली की दुखायचं, आणि माझ्या तासाला हमखास दुखायचं. हेडमास्तर म्हणायचे नाटकं, आया म्हणायच्या नजर लागली, आणि मी म्हणायची अभ्यास केला नाही. एकदा मधल्या सुट्टीनंतर सर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, एक सांगू? तुमच्या तासाआधी व्हरांड्यातला माठ रिकामा होतो."

"मग? तहान लागते मुलांना."

"इतिहासाच्या आधी न्हाय लागत."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर त्यांनी व्हरांड्यात दुसरा माठ आणून ठेवला होता.

जिन्याखाली एक अंधारी खोली होती, ती त्यांची. तिथं दोन फुटके चेंडू, रस्सीखेचीचा दोर आणि व्हॉलीबॉलचं एक मोठं जाळं. आमच्या शाळेला व्हॉलीबॉलचं मैदान नव्हतं, संघ नव्हता, पण जाळं होतं! ज्या पोराच्या पोटात दुखे त्याला वर्गशिक्षक वैतागून म्हणायचे, जा, भोईर सरांकडे जाऊन बस. सर त्याला काय झालं, का झालं, काही विचारायचे नाहीत. दोन चणे हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हे जालं गुतलंय बग. जरा सोडवू लाग." पोरगं गाठी सोडवत बसायचं. अर्ध्या तासात नाक पुसून वर्गात परत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते पोराला जाता जाता सांगायचे: "भ्या आलं तं त्याला बसाया पाट द्यावा. ताट वाढू नये. मंग ते आपलं आपन उठून जातं."

मला हे कीर्तन वाटायचं. एकदा शाळा सुटल्यावर छत्री राहिली म्हणून मी परत आले, तर जिन्याखाली दिवा. डोकावले. भोईर सर फरशीवर मांडी घालून बसलेले आणि दिवसभर पोरांनी सोडवलेलं ते जाळं पुन्हा गुंतवतायत. अगदी मन लावून! मला बघून चोरी पकडल्यासारखे झाले.

"अहो सर, हे काय?"

"सोडवलेलं जालं कोनाच्या कामाचं, बाई?" मग एक गाठ मारत म्हणाले, "माझा बा खाडीला मासे मारायचा. मी भ्यालो का तो जालं टाकायचा माझ्या मांडीवर. हाताला काम लागलं का डोकं गप बसतं."

सगळीच डोकी काही गप बसली नाहीत. नववीतला एक मुलगा वीस-पंचवीस वेळा त्या जाळ्याशी बसला आणि एक दिवस शाळेतच यायचा बंद झाला. नंतर सूत खळीत घालतात त्या सायझिंगच्या कारखान्यात लागला. सर त्या रस्त्यानं जाताना सायकलवरून हात करायचे आणि तो मान फिरवायचा. असं ज्या दिवशी व्हायचं त्या दिवशी ते स्टाफरूममध्ये चहासुद्धा घ्यायचे नाहीत. हेडमास्तर म्हणायचे, "भोईर, ही शाळा आहे, दवाखाना नाही." सर म्हणायचे, "व्हय सर." आणि संध्याकाळी जाळं गुंतवायला बसायचे. ते थकलेले असायचे हो. माणूस किती थकलाय ते त्याच्या जिना उतरण्यावरून कळतं.

नव्वद उलटलं तेव्हाची गोष्ट. दहावीला सुमन नावाची मुलगी होती. बाप दूरच्या एका शेडमध्ये लूम चालवायचा, आई कांड्यांवर सूत भरायची, आणि खोली अशी की तिच्या पाठच्या भिंतीला दुसऱ्याच कुणाचे लूम. मुलगी वहीत गणितं अशी सोडवून आणायची की मला शोधूनही चूक सापडायची नाही. पण चाचणीच्या दिवशी पेपर कोरा. मी तिला एकदा फळ्याशी उभं केलं. तिच्या हातातून खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. सगळा वर्ग हसला, आणि मी म्हटलं, "नाटकं पुरे सुमन, जागेवर बस." हे वाक्य मला आजही ऐकू येतं. लाज वाटते.

तिचा बाप शाळेत येऊन स्पष्ट सांगून गेला होता. "दहावीचे सगले पेपर दिले तं फुडं शिकवीन, माझा सबूद हाय. पेपर टाकून आली तं वैशाखात मानकोलीच्या स्थलाला हो म्हनतो. घरात ठेवून काय तिचं लोनचं घालू?" वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. त्या गावात कोण दमलेलं नव्हतं?

सराव परीक्षा तोंडावर आली आणि भोईर सरांच्या डोक्यात शिरलं की ह्या आवाजानंच पोरांची डोकी फिरतात. "बाई, तीन तास जरा शांत मिळालं तं पोरगी लिवंल." मलाही पटलं. माझ्या घशाला तर फारच पटलं. आम्ही दोघं हाजीशेठकडे गेलो. हाजीशेठ म्हणजे जुन्या कोकणी मुसलमान घरातला माणूस, तोंडानं तिखट, पण शाळेच्या पाण्याची टाकी त्यांनीच बांधून दिलेली.

"चालू दिवशी लूम बंद? तीन तास?" ते म्हणाले. "अहो सर, आमच्यात मौत झाली तरी दोन तासांत मी शटर उघडतो. लोक काय समजतील?"

आम्ही हसलो. खरंच हसलो. शेवटी ते म्हणाले, "चला, बच्चों का मामला है. पण एकच दिवस. गणिताचा." आणि शेजारच्या दोन शेडवाल्यांनाही त्यांनीच तयार केलं. मुलांना आम्ही काही सांगितलं नाही. आधी सांगितलं असतं तर त्याचीच गंमत करत बसली असती, असा आमचा हिशेब.

पेपर वाटून झाले. पाच मिनिटांनी पलीकडे मेन स्विच ओढले गेले आणि सगळे लूम एकदम थांबले. इतकी वर्षं त्या इमारतीत असून मी घड्याळाची टिकटिक तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मी आणि सर वर्गाच्या दाराशी उभे होतो. एकमेकांकडे बघून हसलो, वाटलं, जिंकलं.

मग आत पाहिलं तर एकही पोर लिहीत नव्हतं. सगळ्यांच्या माना खिडकीकडे. एक जण उठून गजांशी गेला. पुढच्या बाकावरच्या मुलानं अगदी बारीक आवाजात विचारलं, "बाई, कुठं झालं?" काय झालं नव्हे, कुठं झालं. आणि सुमन उभी राहिली. "बाबा," एवढंच म्हणाली, आणि माझ्या अंगावरून दाराबाहेर, जिना उतरून, फाटकाबाहेर. तिच्या चपला बाकाखालीच राहिल्या.

मी कल्याणची, मला उमगायला वेळ लागला. मागांच्या सुट्टीची शांतता वेगळी. ती सांगून येते, त्या दिवशी रेडिओ लागतात, गल्लीत क्रिकेट चालतं. लाईट गेली तर सगळा मोहल्ला एकदम ओरडतो. पण चालू दिवशी, भर दुपारी, लूम मधेच गप झाले तर त्याचा तिथं एकच अर्थ. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात दंगल झाली तेव्हा असेच थांबले होते; मी सुट्टीत कल्याणला होते. ही मुलं तेव्हा आठ-नऊ वर्षांची. सुमनचा बाप कामावर गेलेला तो पाच दिवस घरी आला नव्हता. आईनं दार लावून घेतलं आणि ही पोर पाच दिवस कान लावून बसली. सहाव्या दिवशी तो चालत आला, धडधाकट. घरात मग त्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. हे सगळं सुमननं सरांना नंतर सांगितलं.

त्या दुपारी सर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. तिच्या मागे धावून गुडघा सुजलेला, आणि हातात तिच्या चपला. "तुमचं सोडा बाई, तुमी भायरच्या. मी हितला. तवा चार दिवस मीपन घरात कोंडून होतो. मला कलू नये? ज्याला पोरं भितात तेच मी त्यांना शेठकडून मागून आनलं."

मी त्यांच्या बाजूला बसले. पलीकडे लूम पुन्हा सुरू झाले होते.

सर चपला द्यायला म्हणून तिच्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी ती जिन्याखालच्या खोलीत येऊन बसली. बोर्डाच्या परीक्षेला थोडेच आठवडे होते. केंद्र आलं होतं पडघ्याला, हमरस्त्यापासून आत, शेताच्या कडेला. तिथं लूम नाहीत. तिथं शांतताच.

मीही गेले त्या खोलीत. माफी मागितली नाही, आमच्या वेळच्या बायांना ते जमत नव्हतं. जाळ्याचं दुसरं टोक घेतलं आणि गाठी सोडवू लागले. सुमननं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. तीन-चार गाठी सुटल्या. मग सर म्हणाले, "पोरी, तुजा पाय बग."

चपलेच्या आत तिचा अंगठा हलत होता. भिंतीपलीकडच्या लूमच्या तालावर, अगदी अचूक.

"घरी अभ्यास करताना पन हालतो?"

"हो सर. भिंतीला लूम आहेत ना. आपोआप हालतो."

"मंग हा तुजा माग. ह्याला शेठ बंद करंल का?"

"नाही."

"लाईट गेली तं?"

ती हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. "नाही सर."

"कर्फ्यू लागला तं?"

ह्यावर ती हसली नाही. पण अंगठा थांबला नव्हता.

मग सरांनी मागांच्या सुट्टीच्या दिवसांना सगळ्या दहावीला वर्गात बसवायला सुरुवात केली. ह्या वेळी आधी सांगून. "आज सुट्टी हाय. कुठं काय झालेलं न्हाय. पाच मिनटं कोनी बोलायचं न्हाय. चला, आपापला चालू करा." पोरं आधी खिदळली. मग पाचाची दहा मिनिटं झाली, दहाची वीस. चाळीस पोरांचे अंगठे बाकांखाली हलतायत आणि वर पेन चाललेत, असं ते दृश्य. हेडमास्तर दारातून बघून निघून गेले. सुमन दोनदा उठून बाहेर गेली. दोन्ही वेळा सरांनी तिला बोलावलं नाही. ती आपली आपण परत आली.

गणिताच्या पेपराला पडघ्याच्या केंद्राबाहेर आम्ही दोघं चिंचेच्या झाडाखाली उभे होतो. मला आत जायची परवानगी नव्हती, सरांचं तिथं कामच नव्हतं. बाप कामावर होता. जाताना आईनं सुमनच्या दंडाला काळा दोरा बांधलेला. मी म्हटलं, "आता हे कशाला?" सर म्हणाले, "असू द्या. तोपन कामाचाच हाय."

पहिल्या अर्ध्या तासाची घंटा झाली. जे पेपर टाकतात ते ह्याच घंटेला बाहेर येतात. फाटक उघडलं. एक मुलगा आला, दुसऱ्या शाळेचा. मग एक मुलगी आली आणि मी दोन पावलं पुढे झाले. आमची नव्हती. फाटक पुन्हा लागलं. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे फाटकावर, कपाळावर घाम, आणि पांढऱ्या बुटाचं टोक खालीवर, खालीवर होत होतं.

"सर, तुमचा पाय."

"दोन माग चालवतोय, बाई. एक तिचा, एक माझा." मग नजर न हलवता म्हणाले, "मी म्याट्रिकला दोनदा पेपर टाकून पलालो. म्हनून तं खेलाचा मास्तर झालो." दहा वर्षं मी ह्या माणसाबरोबर चहा पीत होते आणि मला हे माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

सुमन तीन तासांनी, सगळ्यांबरोबर बाहेर आली. तोंड पांढरं पडलेलं. सरांसमोर उभी राहून म्हणाली, "सर, मधे एकदा धागा तुटला."

"मंग?"

"जोडला."

गणितात तिला एक्केचाळीस मिळाले. माझ्या हिशेबानं ऐंशी मिळायला हवे होते, पण मी तोंड उघडलं नाही. बापानं शब्द पाळला. ती बारावी झाली, बालवाडीत लागली, आणि मानकोलीला दिली ती पाच वर्षांनी. सुखात आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी काही फार बदलले असंही नाही. ओरडायची मी तशीच, पण फळ्याशी कुणाला उभं केलं नाही पुन्हा. माठाकडे मात्र रोज बघायची.

सर निवृत्त झाले तेव्हा ते जाळं घरी घेऊन गेले. हेडमास्तरांनी रजिस्टरात 'निरुपयोगी' लिहून त्यांना दिलं. नंतर कोनवरून गाडी जाताना मी खिडकीतून बघायची, पण सायकल दिसायची नाही. जाऊन भेटू, जाऊन भेटू म्हणत चार वर्षं गेली. असंच असतं आपलं.

मला ते शेवटचे दिसले कल्याणच्या एका हॉस्पिटलात. दुसऱ्या दिवशी छातीचं ऑपरेशन होतं, त्यांच्या मुलाचा निरोप आला म्हणून मी गेले. दुपारची भेटायची वेळ. खोलीला काचेच्या खिडक्या, बंद. रस्त्याचासुद्धा आवाज आत येत नव्हता. सर उशीवर एवढेसे दिसत होते. काहीतरी कमी वाटत होतं, मग कळलं, गळ्यात शिट्टी नव्हती.

"सुमनला कळवू का?" मी विचारलं.

"नको. तिला ही खोली दावू नका." मग डोळे मिटून म्हणाले, "लय शांत हाय बाई हितं."

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात नर्स आली, कोवळी पोरगी, पायाशी चादर सारखी करू लागली आणि थबकली. चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलत होता. संथ, एकसारखा.

"आजोबा, पाय का हलवताय? थंडी वाजतेय का?"

"न्हाय बाय," सर डोळे न उघडता म्हणाले. "शिफ्ट चालू हाय."

तिनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. चादर घट्ट खोचायला तिचे हात पुढे झाले होते. मी ते धरले आणि म्हटलं, "राहू दे गं. चालू राहू दे."